काचेच्या बोटीतून पाहिलेलं प्रवाळ: तुमचे अनुभव सांगा

दिवाळीच्या सुट्टीत आमचं अख्खं घर अंदमानला निघतंय. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, गुडघे दुखरे. धाकटा पुतण्या पहिलीत. म्हणजे स्नॉर्केलिंग बाद, प्रवाळ बघायचं तर तळाला काच असलेल्या बोटीतूनच. व्हिडिओत सगळं लालपिवळं दिसतं आणि जाऊन आलेले 'ठीक आहे हो' म्हणतात. ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांनी लिहा. अंदमानच हवं असं नाही, कुठलाही समुद्र चालेल. पॅकेजचे दर नकोत, काय दिसलं ते सांगा.

डोंबिवली

अंदमानात प्रवाळ बघायला जॉली बॉय बेट की नॉर्थ बे, असं विचारणार असाल तर जॉली बॉय. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) वंडूरच्या धक्क्यावर सकाळी लवकर पोहोचावं लागतं. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग, 1983 पासून संरक्षित. सोमवारी बंद. पावसाळ्यात जॉली बॉय बंद ठेवून रेड स्किन बेट उघडतात, तेव्हा आधी चौकशी करा. धक्क्यावर पिशव्या तपासतात, प्लॅस्टिक अजिबात चालत नाही. वेफर्सची पाकिटं गेली, चकल्या स्टीलच्या डब्यात होत्या म्हणून वाचल्या.

बेटाला धक्का नाही. मोठी बोट जरा लांब थांबते आणि काचेच्या छोट्या होडीतून किनाऱ्याला नेतात. सासूबाईंना एका बोटीतून दुसरीत पाऊल टाकावं लागेल. खलाशी दोन्ही हात धरतात, तरी होडी वरखाली होते तेव्हा धडकी भरते. साडी नको, पंजाबी ड्रेस बरा.

होडीच्या मधोमध काच, भोवती बाकं. आधी नुसती वाळू आणि आपल्याच डोक्यांचं प्रतिबिंब. होडीवाल्याने सगळ्यांना पुढे वाकून काचेवर सावली धरायला सांगितलं आणि एकदम तळ वर आल्यासारखा झाला. हात घालावा इतका जवळ! "ये ब्रेन कोरल, ये फिंगर कोरल," त्याची टेप चालू होती. मला लक्षात राहिला तो खडकात रुतलेला भला मोठा शिंपला. तोंड अर्धवट उघडं, आत निळसर-जांभळी नागमोडी किनार. होडीची सावली वरून सरकली आणि किनार चटकन आत ओढली गेली. सासरे ओरडलेच, "अरे, हा जिवंत आहे!"

पोपटमासे प्रवाळाला टोचे मारत होते. ते प्रवाळ कुरतडतात आणि त्याची वाळू करून मागून टाकतात, हे ऐकल्यावर आमच्या लेकीने त्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर बसायला साफ नकार दिला.

नाशिक

आम्ही नॉर्थ बेला गेलो. काच ओरखडलेली, बाहेरून शेवाळलेली, माणसं दाटीवाटीने कोंबलेली. 'हो गया, चलो' म्हणून झटपट परत. बोटीत बसण्याआधी काच बघून घ्या, एवढंच सांगेन. बाकी जुन्या 20 रुपयांच्या नोटेमागचं दृश्य इथलंच, ते दीपगृह बघून बाबा मात्र खूश.

पुणे

रंगांबद्दल. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, त्यामुळे काही मीटर खाली सगळं निळसर-हिरवट दिसतं. फोटोवाले दिवे घेऊन पाण्यात उतरतात. पोवळ्याच्या अंगठीतला लाल रंग शोधत बसलात तर पैसे वाया गेले असंच वाटणार. हालचाल बघा, मजा त्यात आहे.

ब्रिस्बेन

आईबाबा भारतातून आले होते तेव्हा केर्न्सहून ग्रीन आयलंडला गेलो. ग्रेट बॅरिअर रीफवरचं छोटंसं बेट, मोठ्या बोटीने पाऊण तास. मुलगा खाली बघून म्हणाला, "हे सगळं तपकिरी आहे, मेलंय वाटतं." गाईडने उलट सांगितलं: तपकिरी, शेवाळी ते ठणठणीत, पांढरं लखलखीत ते आजारी. प्रवाळ हा प्राणी, त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला अन्न पुरवतं आणि रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो, यालाच विरंजन म्हणतात. 1998, 2002, 2016, 2017, 2020, 2022, 2024, 2025 ही तिथली मोठ्या विरंजनाची वर्षं. गाईड ती पाढ्यासारखी म्हणाली, आणि बोटीतले सगळे गप्प झाले.

इंजिन बंद करून बोट डुलत असताना एकटक खाली बघू नका. आईला तेव्हाच मळमळलं. मधेमधे मान वर करून क्षितिजाकडे बघावं. आवळासुपारी कामाला आली.

ठाणे

वरच्याला दुजोरा. 2024 च्या एप्रिलअखेरीस आम्ही लक्षद्वीपला, कदमतला होतो. काचेखाली पांढऱ्या फांद्याच फांद्या. बोटीतले निम्मे लोक 'वाव, किती सुंदर' करत फोटो काढत होते. होडीवाला म्हातारा मान हलवत होता, काही बोलला नाही. पांढरं झालेलं लगेच मरत नाही, पाणी वेळेत निवलं तर सावरतंही. त्या म्हाताऱ्याला कुणी विचारलंच नाही.

मालवण

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे हे निम्म्या मुंबईकरांना ठाऊक नसतं. 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. पाणी अंदमानइतकं नितळ नाही हे मान्य, पावसाळ्यात तर गाळच. डिसेंबर-जानेवारीत बरं. कुठेही जा, बोटवाला नांगर कुठे टाकतो तेवढं बघा. नांगर प्रवाळावर पडला की कित्येक वर्षांची वाढ एका दणक्यात जाते. आणि आजीक सांगा, अंदमान झाला की हंयसर येवा, माशाचा जेवान आमच्याकडेच.

नागपूर

मॉरिशसला ब्ल्यू बे. आमचं बोलणं ऐकून होडीवाला म्हणाला, "मराठी?" त्याचे पूर्वज कोकणातून गेलेले. बाकी संवाद खुणांनीच, पण गणपतीची सुट्टी असते हे त्याने आवर्जून सांगितलं. प्रवाळ छान होतं, त्याच्या गप्पांत निम्मं बघायचं राहिलं.

कल्याण

किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलू नका, मुलांचे खिसे तपासा. वन्यजीव कायद्याखाली प्रवाळ वाघाच्याच यादीत आहे. विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

अलिबाग

तारखेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दिवाळी म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. पाण्याला ओढ जास्त, तळ ढवळतो, काचेतून धूसर दिसतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, संथ. पाडवा-भाऊबीज घरी करा आणि काचेच्या बोटीचा दिवस अष्टमीच्या आगेमागे ठेवा. वेळ ऊन डोक्यावर असतानाची, म्हणजे अंदमानात दहा ते बारा. तिरक्या उन्हात काचेखाली उजेड कमी पोहोचतो.