एक्सरसाइज सायन्सनंतर पुढे काय? (दोन प्रश्न)

वैशाली:

नमस्कार मंडळी,

मुलगी इथे अमेरिकेत स्टेट युनिव्हर्सिटीत एक्सरसाइज सायन्सच्या (व्यायामशास्त्राच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. फिजिकल थेरपी (म्हणजे फिजिओथेरपी), हॉस्पिटलातलं कार्डिॲक रिहॅब (हृदयरुग्णांना व्यायामाने पुन्हा उभं करणं) किंवा कॉलेजच्या संघाकडे स्ट्रेंग्थ कोच, यांपैकी काहीतरी करायचं म्हणते. पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन तोंडावर आलंय आणि ॲडव्हायझर म्हणतो, कुठलाही इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) घे.

दुसरा प्रश्न पुण्याच्या भाचीचा. तिचं बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालंय. इथे कायनेसिऑलॉजीत (शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात) एमएस केलं की फिजिओ म्हणून काम करता येईल का?

मिलिंद:

वैशालीताई,

ॲडव्हायझरचं म्हणणं पदवीपुरतं बरोबर आहे. पण पदवी हातात आणि डीपीटीच्या (फिजिकल थेरपिस्ट व्हायला लागणाऱ्या तीन वर्षांच्या डॉक्टरेटच्या) अर्जाला मात्र अपात्र, अशी मुलं दरवर्षी निघतात. बहुतेक वेळा घोडं अडतं ते फिजिक्सपाशी. साधारणपणे लागतं ते असं: ॲनाटमी-फिजिऑलॉजीची दोन सेमिस्टर, जनरल केमिस्ट्रीची दोन, फिजिक्सची दोन, ही सगळी लॅबसकट, शिवाय बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी. पदवीसाठी अनेक ठिकाणी केमिस्ट्री आणि फिजिक्सचं एकेकच सेमिस्टर पुरतं. मुलांना वाटतं, बायोमेकॅनिक्स केलंय म्हणजे दुसरं फिजिक्स झालं. डीपीटीची कॉलेजं ते धरत नाहीत. तिचे इलेक्टिव्ह या दोन विषयांत घाला. बाकीच्या दोन वाटांना त्याने काही तोटा नाही.

अर्ज पीटीकॅस या सामाईक पोर्टलवरून जातो. ते जूनमध्ये उघडतं आणि बरीच कॉलेजं येतील तसे अर्ज बघत जागा भरतात. त्यामुळे अर्जाची खरी वेळ म्हणजे तिसरं वर्ष संपल्यानंतरचा उन्हाळा. तोवर एखादा विषय राहिलाच तर तो 'चालू' म्हणून दाखवता येतो, पण तीन-चार राहिले असतील तर अर्ज लंगडा दिसतो. पीटीकॅस जीपीए (ग्रेडची सरासरी) स्वतः नव्याने काढतं. एखादा विषय पुन्हा देऊन सी-चा ए केला, तर युनिव्हर्सिटी कदाचित जुना ग्रेड पुसेल, पीटीकॅस दोन्ही धरतं. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात केलेल्या विषयाची ट्रान्सक्रिप्टही वेगळी पाठवावी लागते. ती राहिली की अर्ज पुढे सरकत नाही.

ऑब्झर्वेशनचे (थेरपिस्टचं काम जवळून बघण्याचे) तास एकाच खासगी क्लिनिकमध्ये संपवू नका. काही कॉलेजांना हॉस्पिटलात भरती असलेल्या रुग्णांबरोबरचे तासही हवे असतात. त्यावर सही परवानाधारक फिजिकल थेरपिस्टची लागते, असिस्टंटची चालत नाही. आणि सही त्याच आठवड्यात घ्या. सहा महिन्यांनी तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

पैशाचंही बघा. फिजिकल थेरपिस्टचा मध्यम पगार वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास आहे, एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टचा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. हा फरक मोठा आहे, पण खासगी कॉलेजात तीन वर्षं फी भरली तर त्याचा बराच भाग हप्त्यांत जातो. त्यात 1 जुलै 2026पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद. पदव्युत्तर शिक्षणाला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला 20,500 डॉलर आहे आणि 'प्रोफेशनल' गटातल्या अभ्यासक्रमांना जास्त. कॉलेज डीपीटीला कुठल्या गटात धरतंय हे फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी घ्या. माझं मत विचाराल तर स्टेट कॉलेजात मिळालं तर डोळे मिटून जावं, खासगीसाठी आधी गणित मांडावं.

स्मिता:

मिलिंददादांनी डीपीटीचं सगळं सांगितलंच आहे. मी कार्डिॲक रिहॅबबद्दल लिहिते, कारण मुलांना यातलं काम काय असतं तेच नीट कुणी सांगत नाही.

हार्ट ॲटॅक, बायपास, स्टेंट, व्हॉल्वचं ऑपरेशन किंवा स्थिर हार्ट फेल्युअर असलेले रुग्ण येतात. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) साधारण 36 सेशन देतं, दिवसाला जास्तीत जास्त दोन. प्रत्येकाला टेलिमेट्रीचे (हृदयाचे ठोके दुरून पडद्यावर दाखवणारे) इलेक्ट्रोड लावायचे, व्यायामाआधी, व्यायामात आणि नंतर ब्लडप्रेशर घ्यायचं, ट्रेडमिलचा वेग आणि चढ ठरवायचा आणि सगळं चार्टमध्ये लिहायचं. एका वेळी चार-पाच जण मशीनवर आणि सगळ्यांच्या रिदमवर एक डोळा.

नवीन माणूस चुकतो ते पहिल्या आठवड्यात: 220मधून वय वजा करून हार्ट रेटचं लक्ष्य काढतो. निम्म्याहून जास्त रुग्ण बीटा ब्लॉकरवर (नाडी मंद ठेवणाऱ्या गोळीवर) असतात, त्यांची नाडी तिथवर पोचतच नाही. साठीच्या माणसासाठी 160चा 70 टक्के म्हणजे 112 काढून ठेवलं आणि गोळीमुळे नाडी 95वरच अडकली असेल, तर नवशिक्या वेग वाढवत जातो आणि समोरच्याला धाप लागते. म्हणून रुग्णाला श्रम किती वाटतात ते सांगणाऱ्या बोर्गच्या 6 ते 20च्या मोजपट्टीवर 11 ते 14 हा पट्टा धरायचा आणि रुग्णाला बोलतं ठेवायचं. पूर्ण वाक्य बोलताना दम लागत असेल तर वेग उतरवायचा. बायपासवाल्यांच्या छातीचं हाड जुळेपर्यंत हातांनी जड ओढणं-ढकलणं नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर सुरू करण्याआधी बघायची.

यासाठीचं सर्टिफिकेट म्हणजे एसीएसएमचं (अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं) क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट. नुसत्या बॅचलर्सवर परीक्षेला बसायचं तर 1,200 तासांचा क्लिनिकल अनुभव लागतो, त्या विषयात मास्टर्स असेल तर 600. जिममधले तास यात धरत नाहीत, आणि इथेच बहुतेकांचं वर्ष वाया जातं. शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप घराजवळच्या जिममध्ये उरकतात आणि मग तासांची मोजणी शून्यापासून. तिला आत्ताच इंटर्नशिप कोऑर्डिनेटरकडे पाठवा. हॉस्पिटल आणि कॉलेज यांच्यात करार नसेल तर तो व्हायला महिनोन्महिने लागतात. पुढे लसींचे कागद, बॅकग्राउंड चेक आणि बीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) हवं. बीएलएस पुतळ्यावर प्रत्यक्ष हाताने केलेलं असावं, नुसतं ऑनलाइन मान्य होत नाही. अभ्यासक्रमाला सीएएएचईपीची (आरोग्यविषयक अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे का तेही आत्ताच बघा, पात्रतेच्या अटी त्या दिशेने कडक होत चालल्या आहेत.

आणि एक कडू गोष्ट. या कामाला परवाना देणारं राज्य एकच, लुइझियाना. बाकी सगळीकडे हॉस्पिटल ठरवेल ते. काही ठिकाणी त्याच हॉलमध्ये तसंच काम करणाऱ्या नर्सला बराच जास्त पगार असतो. रुग्णांबरोबरचं काम आवडत असेल तर नोकरी समाधानाची आहे, पण वरची पायरी लवकर संपते. पुढे मॅनेजर व्हायचं, नाहीतर पीए (फिजिशियन असिस्टंट) किंवा नर्सिंगकडे वळायचं, असंच बहुतेकांचं होतं.

ओंकार:

स्ट्रेंग्थ कोचसाठी लागतं ते एनएससीए या स्ट्रेंग्थ कोचांच्या संघटनेचं सीएससीएस हे सर्टिफिकेट. सध्या कुठल्याही विषयातली बॅचलर्स चालते, पण 2030पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातलीच पदवी लागणार आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षातही परीक्षेला बसता येतं, सर्टिफिकेट ट्रान्सक्रिप्ट आणि सीपीआर जमा केल्यावर मिळतं. परीक्षेचे भाग दोन, 95 आणि 125 प्रश्नांचे, आणि दोन्ही पास व्हावे लागतात. हुशार मुलं दुसऱ्या भागात अडकतात, कारण त्यात व्हिडिओ आणि चित्रं दाखवून विचारतात: पॉवर क्लीन या वजन उचलण्याच्या प्रकारात दुसऱ्या पुलमध्ये (वर खेचण्याच्या टप्प्यात) चूक काय, स्पॉटर (वजन सांभाळायला जवळ उभा राहणारा) कुठे उभा असायला हवा. पाठांतराने ते सुटत नाही, वेट रूममध्ये उभं राहून बघावं लागतं.

नोकरी मिळते ती ओळखीवर आणि इंटर्नशिपवर. पहाटे पाचला वेट रूम उघडायची आणि पैसे नाहीत किंवा नावापुरते. त्यानंतर ग्रॅज्युएट असिस्टंटशिप (कॉलेजात काम करत शिकणं) मिळाली तर फी माफ होऊन मास्टर्स होतं. ती न मिळता स्वतःच्या खिशातून मास्टर्स करायचं, हा सौदा मला पटत नाही.

ॲथलेटिक ट्रेनरची वाट पूर्णपणे वेगळी. मैदानावर मोडलेला पाय सांभाळणारे ते. त्यासाठी आता सीएएटीई (या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेचं मास्टर्सच लागतं. भेटलात की बाकीचं बोलू.

मिलिंद:

भाचीचं राहिलं होतं. उत्तर: नाही. कायनेसिऑलॉजीच्या एमएसने फिजिओचा परवाना मिळत नाही. तिच्याकडे फिजिओची पदवी आधीच आहे, तीच पुढे न्यायची. एफसीसीपीटी या परदेशी फिजिओ पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन, मग एनपीटीई ही फिजिओची राष्ट्रीय परीक्षा, मग त्या त्या राज्याचा परवाना. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट आणि प्रत्येक विषयाचे तास दाखवणारा अभ्यासक्रम मागवावा लागतो. उशीर होतो तो तिथे, म्हणून पुण्यात असतानाच सुरुवात करू दे. काही क्रेडिट कमी पडली तर कुठल्या विषयांची ते अहवालात येतं. तेवढेच विषय भरून काढायचे, दोन वर्षांची डिग्री नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या 'शेड्यूल ए' या माणसांचा तुटवडा असलेल्या कामांच्या यादीत फिजिकल थेरपिस्ट आहेत, त्यामुळे ग्रीन कार्डाच्या वेळी मालकाला जाहिराती देऊन स्थानिक माणूस मिळत नसल्याचं दाखवावं लागत नाही.

तरीही तिला एमएस करायचंच असेल तर आय-20वरचा (कॉलेज स्टुडंट व्हिसासाठी देतं त्या कागदावरचा) सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, बघा. 31.0505 असेल तर पदवीनंतर ओपीटी (स्टुडंट व्हिसावर काम करायची परवानगी) 12 महिनेच. 26.0908 असेल तर तो स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत येतो, म्हणजे अजून 24 महिने मिळू शकतात. दोन कॉलेजांत अभ्यास जवळपास सारखा आणि कोड वेगळा, असंही असतं. ॲडमिशन ऑफिसला फी भरण्याआधी ईमेलने विचारा.

वैशाली:

सगळ्यांचे आभार. एकच शंका, फिजिक्स कॅल्क्युलसवालं घ्यावं लागेल का?

मिलिंद:

नाही, अल्जेब्रावालं चालतं. लॅब वेगळ्या कोर्स नंबरची असेल तर तीही रजिस्टर केली आहे ना, तेवढं बघा.