पगवाल्यांनो, जसं घडलं तसं लिहा (अनुभव धागा)

तिसरा मजला:
लेक वर्षभर पग (तो चपट्या नाकाचा छोटा कुत्रा) हवा म्हणून मागे लागली आहे. दहावीत नव्वदच्या वर मिळाले तर बघू, असं मी बोलून बसले होते आणि तिने मिळवले. घर दादरला, बाल्कनी नाही. मी आणि नवरा नऊ ते सात बाहेर. सासूबाई घरी असतात, त्या म्हणतात, "आणा खुशाल, पण त्याचं करणार कोण ते आधी ठरवा." जिथे वाचावं तिथे 'फ्लॅटसाठी उत्तम, भुंकत नाही, व्यायाम लागत नाही'. लग्नाच्या स्थळासारखं वाटतंय, सगळे गुणच. ज्यांच्या घरी पग आहे किंवा होता त्यांनी बरंवाईट सगळं लिहा. मुंबईतलंच हवं, पुण्याच्या हवेतलं नको.

गिरगावचा जावई:
आमचा बंड्या २००४ चा. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीची ती जाहिरात आली, मुलाच्या मागे मागे चालणारा कुत्रा, आणि जो तो 'तसला' कुत्रा मागू लागला. पग हा शब्द आमच्या वाडीत कुणाला माहीतच नव्हता, तो 'हचवाला'च. पुढे कंपनीचं नाव बदललं तसा वॉचमन त्याला 'व्होडाफोन' म्हणून हाक मारायला लागला, आणि बंड्या त्यालाही ओ द्यायचा. क्रॉफर्ड मार्केटातून आणला होता. आई-बाप कुठले, श्वास कसा घेतात, काही विचारलं नाही. टीव्ही घेतानासुद्धा मी जास्त चौकशी केली होती.

मागे मागे येतो हे मात्र शंभर टक्के खरं. मी संडासात गेलो तरी दाराच्या फटीला नाक लावून फुसफुसत बसायचा. पण म्हणूनच एकटा राहत नाही. आम्ही कामाला गेलो की रडारड, शेवटी शेजारच्या काकूंकडे ठेवायला लागलो. संध्याकाळी न्यायला गेलो की काकूंच्या मांडीवरून आमच्याकडे 'कोण तुम्ही' असं बघायचा. सासूबाईंना नीट विचारा. कुत्रा त्यांचाच होणार आहे.

काळी पँट:
आखूड केस बघून फसू नका. बाराही महिने गळतात. वरणातसुद्धा सापडतो. बाकी काही तक्रार नाही.

मुलुंडकर:
माझा अनुभव ऑक्टोबरमधला आहे. साडेपाचला फिरायला काढला, ऊन उतरलं होतं, म्हटलं आता काय होतंय. आमच्या मोदूचं वजन तेव्हा ११ किलो. सहा ते आठमध्ये असायला हवं, पण 'गुबगुबीत किती गोड दिसतो' म्हणून आम्ही पोळ्या चारत होतो. सोसायटीला एक फेरी झाली आणि तो फतकल मारून बसला. धाप लागलेली, घशातून करवतीसारखा आवाज, जीभ जांभळट. मी उचलून घरी निघालो होतो. माळीदादांनी हातातून काढून घेतला आणि झाडांना लावलेला पाइप त्याच्या पोटावर सोडला. मग रिक्षा. मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो.

डॉक्टर म्हणाले, पाणी मारून आणला म्हणून हाती लागला. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून जिभेवरचं, घशातलं पाणी हवेत उडवायचं, हीच त्याची अंग गार करायची रीत. मुंबईच्या दमट हवेत ते पाणी धड उडत नाही, आणि याचं नाक तर आधीच चिमटलेलं. त्यांनी टॉर्च मारून दाखवलं: नाकपुडी कसली, स्वल्पविराम. आत टाळूचा मागचा पडदा लांब, श्वासाच्या वाटेत लोंबणारा. पुढे वजन उतरवून दोन्हींचं ऑपरेशन केलं; या जातीत भूल देणंही जोखमीचं, म्हणून आठवडाभर आम्हाला झोप नव्हती. घरी आल्यावर पहिल्या रात्री तो घोरला नाही, तेव्हा मी दोनदा उठून नाकाशी हात धरून बघितला. त्याच्या घोरण्याचे व्हिडिओ मी वर्षभर कौतुकाने स्टेटसला टाकत होतो. सगळे काढून टाकले.

चित्रकलेचा मास्तर:
मूळ चीनच्या राजदरबारातला कुत्रा. सोळाव्या शतकात डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेला. १५७२ मध्ये छावणीवर रात्री हल्ला झाला तेव्हा पॉम्पी नावाच्या पगने भुंकून डचांचा पुढारी, ऑरेंजचा विल्यम, याला जागं केलं, अशी कथा सांगतात (भुंकत नाही म्हणणाऱ्यांसाठी). त्याच घराण्यातला पुढचा एक विल्यम (तिसरा) १६८९ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पग तिकडच्या बड्या घरांत शिरला. मला सांगायचंय ते वेगळंच. विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःचं चित्र काढलं, शेजारी त्याचा पग, ट्रंप. शोधून बघा. पाय उंच आणि तोंड पुढे आलेलं, चांगलं नाक आहे त्याला! आजचा पग त्याच्याशेजारी ठेवला तर भिंतीला धडकल्यासारखा दिसतो. चीनमधून चपटं आलं ते अजून चपटं आपण माणसांनी केलं, पिढ्यान्पिढ्या निवडून निवडून. ज्या डचांनी तो युरोपात नेला त्यांच्या देशात आता फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध आहेत.

बोरिवलीची आजी:
मास्तर, तुमचं खरं असेल. पण आमचे 'हे' गेले त्यानंतरची दोन वर्षं मी सोनूमुळे काढली, हेही लिहा की कुणीतरी. एवढ्या नातवंडांनी कान ओढले, शेपटीची चकली सरळ करून पाहिली, एकदाही दात दाखवले नाहीत. हट्टी मात्र मेला. पावसात पाऊल बाहेर टाकणार नाही. जिन्याखाली उभा राहून माझ्याकडे बघतो, जणू पाऊस मीच लावलाय. एका अर्थी बरंच. तुंबलेल्या पाण्यातून न्यायचाच नाही, लेप्टो होतो. दरवर्षी लस चुकवायची नाही.

तोंडावरच्या घड्या रोज पुसाव्या लागतात. जुन्या पंच्याचा तुकडा पिळून घ्यायचा, बोटाला गुंडाळायचा, नाकावरची घडी उचलून आतून पुसायची. मग कोरड्या तुकड्याने पुन्हा. कोरडं करणं महत्त्वाचं. पावसाळ्यात दोन दिवस विसरलं की आंबूस वास येतो आणि कातडी लाल. पट्टा गळ्यात नको, छातीला बांधायचा आणा.

पंचखाद्य:
गणपतीत आमच्या छकुलीने पाटावर चढून वाटीभर पंचखाद्य संपवलं. आम्ही हसत होतो. भाचीने विचारलं, "त्यात बेदाणे होते का?" होते. बेदाणे-द्राक्षं कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात हे तेव्हा कळलं. लगेच नेऊन ओकारी काढवली, दोन दिवस सलाईन. आता प्रसाद फ्रिजवर. पगला पोट भरलं हे कळतच नाही, त्यामुळे कळायचं काम तुमचं.

चष्मेवाली:
डोळे! कुणीच लिहिलं नाही. बाहेर आलेले, आणि पुढे आडवं यायला नाकही नाही. आमच्या ग्रिलमधल्या गुलाबाचा काटा लागला. नुसता एक डोळा बारीक करत होता, मला वाटलं लाडात आलाय. डॉक्टरांनी नारिंगी पट्टी डोळ्याला टेकवली, निळा दिवा लावला, तर बुबुळावर हिरवीगार रेघ चमकली. तीन आठवडे दिवसातून सहा वेळा थेंब. गुलाब शेजाऱ्यांना दिला.

सायन स्टेशन:
विकत घेऊ नका एवढंच सांगतो. आमची राणी कुणीतरी पुलाखाली बांधून गेलं होतं, आचळं लोंबलेली, पिल्लं काढून काढून थकलेली. असे मोठे पग दत्तक मिळतात. शिवाय पिल्लाचा श्वास पुढे कसा होईल सांगता येत नाही, मोठ्याचा समोर दिसतो. पाच मिनिटं चालवा आणि कान लावून ऐका. नाकपुड्या बघा. जाड आहे का बघा. मग ठरवा.

तिसरा मजला:
सगळ्यांचे आभार. लेकीने धागा पूर्ण वाचला, मुलुंडकरांचा दोनदा. पिल्लू रद्द. रविवारी एका घरी सहा वर्षांचा पग बघून आलो, मालक परदेशी चाललेत. असल्या चपट्या नाकाला विमानाच्या सामानात पाठवायला अनेक कंपन्या तयार होत नाहीत म्हणे. सांगितल्याप्रमाणे पाच मिनिटं चालवला. घरघर आहे, पण थांबावं लागलं नाही. तरी आमच्या डॉक्टरांना दाखवूनच आणणार. सासूबाई येणारच नव्हत्या, आल्या, आणि परतताना टॅक्सीत जुने पंचे कुठल्या ट्रंकेत आहेत ते सांगत होत्या.

एक विचारायचं राहिलं. मे महिन्यात दुपारी एसी किती वर ठेवता?

मुलुंडकर:
२५ ला. पंखा बारीक. बिलाकडे बघू नका.