कूफॅक्सने तिसाव्या वर्षी बेसबॉल सोडला ते बरोबर केलं का?

कट्ट्यावरचा_वारा
गेला महिनाभर सँडी कूफॅक्सबद्दल मिळेल ते वाचतोय आणि डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय. ब्रुकलिनचा डावखुरा पिचर (बॉल टाकणारा), 1955 पासून डॉजर्स टीमकडे, पहिली सहा वर्षं नुसता वेग, बॉलवर ताबाच नाही. मग 1961 च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनआधीच्या सरावात) नॉर्म शेरी नावाच्या कॅचरने सांगितलं की एवढा जोर लावू नकोस, आणि तिथून गडी पार बदलला. 1962 ते 65 दर वर्षी एक नो-हिटर (अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट नाही), त्यातला चौथा तर परफेक्ट गेम, म्हणजे शिकागो कब्जचे 27 बॅटर आले आणि 27 च्या 27 परत गेले, एकही बेसवर पोचला नाही. 1966 मध्ये 27 मॅच जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये सांगून टाकलं, बास. वय 30.

कारण डाव्या कोपराचा संधिवात. हात पूर्ण सरळ होत नव्हता म्हणून कोटाची डावी बाही शिंप्याकडून आखूड करून घेतलेली. खेळ संपल्यावर पुढे बरीच वर्षं जगायचंय आणि ती धडधाकट हातापायांनी जगायचीत, असं त्याने तेव्हा सांगितलं. माझ्या मते कुठल्याही खेळाडूने घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे.

निळी_टोपी
नाही पटलं. शेवटच्या वर्षी त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) 1.73 होता, अख्ख्या करिअरमधला सगळ्यात चांगला. असा माणूस संपलेला नसतो हो. पिचर नोलन रायन बघा, 27 सीझन खेळला, 5714 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), चव्वेचाळिसाव्या वर्षी सातवा नो-हिटर टाकला. करिअर म्हणजे टिकणं पण असतं ना, नुसतं चमकणं नाही. कूफॅक्सने मॅच कमी केल्या असत्या, एक सीझन विश्रांती घेतली असती, तर अजून तीन-चार वर्षं सहज मिळाली असती. तो गेला आणि 1967 ला डॉजर्स थेट आठव्या नंबरवर आले, म्हणजे टीम किती एकट्या त्याच्यावर उभी होती बघा. मला त्या न झालेल्या वर्षांचं खरंच वाईट वाटतं.

कट्ट्यावरचा_वारा
@निळी_टोपी रायनचं कोपर रायनचं, कूफॅक्सचं कूफॅक्सचं. 1965 च्या मार्चमध्ये सराव मॅच टाकून झोपला आणि सकाळी उठला तर हात काळानिळा, आत रक्त साकळलेलं. तरी पुढची दोन वर्षं कशी काढली? कॉर्टिझोनची इंजेक्शनं, ब्युटाझॉलिडिनच्या गोळ्या, मॅचआधी हातावर मिरचीच्या अर्काचं जहाल मलम (कॅप्सोलिन) आणि मॅच झाली की कोपर बर्फाच्या पाण्यात. आपल्याला स्वयंपाकघरात मिरची चिरून बोटं झोंबली तरी सहन होत नाही, हा माणूस ते खांद्या-कोपराला चोळून नऊ इनिंग उभा राहायचा. अशा माणसाला अजून तीन वर्षं खेळ म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

रात्रपाळी
तुम्ही दोघंही त्याने काय करायला हवं होतं तेच बोलताय. क्लबने काय केलं ते बोला की. डॉक्टरने धोका सांगितल्यावर दोन मॅचच्या मधला सराव तेवढा बंद केला, पण मॅच? त्याच 1965 मध्ये 335 हून जास्त इनिंग टाकून घेतल्या. वर्ल्ड सिरीजची (सीझनची अंतिम मालिका) सातवी मॅच फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर, कर्व्हबॉल वळत नव्हता तर जवळजवळ नुसत्या फास्टबॉलवर 2-0 ने काढून दिली. पुढच्या वर्षीही 323 इनिंग, आणि सीझनच्या शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियात पुन्हा तेच, दोन दिवसांची विश्रांती आणि पूर्ण मॅच.

आणि 'मॅच कमी केल्या असत्या' म्हणणाऱ्यांनी तेव्हाचे नियम बघा. रिझर्व्ह क्लॉजमुळे खेळाडू क्लबला बांधलेला, दुसरीकडे जायची सोय नाही. 1966 मध्ये तो आणि डॉजर्सचाच दुसरा पिचर डॉन ड्रायस्डेल दोघं मिळून पगारासाठी अडून बसले तेव्हा कुठे त्याला सव्वा लाख डॉलर मिळाले. त्याच्या हातात खरी सत्ता एकच होती, सोडून जायची, ती त्याने वापरली. त्याचं कौतुक करा, पण कोपर झिजवलं कोणी तेही लिहा.

निळी_टोपी
@रात्रपाळी क्लबबद्दल मान्य, तो भाग मी धरला नव्हता. पण तरी, आजच्यासारखं कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन तेव्हा असतं तर खेळला असताच ना?

रात्रपाळी
ते ऑपरेशन 1974 चं, डॉ. फ्रँक जोबनी केलेलं, पण ते फाटलेल्या लिगामेंटसाठी. झिजलेल्या सांध्याला त्याने काय होणार? दोन्ही एक नाही.

जर्सीतली_आई
मला जुनी मॅच कळत नाही पण कोपर कळतं. न्यू जर्सीत राहतो, मुलगा 12 वर्षांचा, लिटल लीगमध्ये (लहान मुलांचं बेसबॉल) पिचिंग करतो. मागच्या वर्षी दुसऱ्या एका टीमकडून पण खेळत होता, तिथल्या कोचने शनिवारी आणि लगेच रविवारी टाकायला लावलं. सोमवारी सकाळी बघते तर पोरगं उजव्या हाताचा माणूस असून डाव्या हाताने दात घासतंय आणि म्हणतंय काही नाही आई. तिथून काढलं त्याला. नवरा म्हणाला एवढी चांगली टीम सोडतेस, आठवडाभर घरात भांडण. निळी_टोपी, तुम्ही म्हणता ती न झालेली वर्षं मला समजतात, पण तुम्ही ते दात घासणं बघितलं नाहीत.

आता फक्त लिटल लीग, तिथे पिच (टाकलेले बॉल) मोजतात, त्याच्या वयाला दिवसाला 85 च्या वर नाही आणि 66 किंवा जास्त झाले की चार दिवस सुट्टी. आज 71 झाले. ग्लोव्ह माझ्या कपाटात ठेवलाय, गुरुवारी देणार.