चित्ररथ मुद्दाम आउट ऑफ फोकस टिपायचेत, धूसर किती ठेवू?

टिळकवाडी:
नमस्कार मंडळी. वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनिमित्त बेळगावात चित्ररथ रात्रभर चालतात, हे इथं कुणाला सांगायला नको. यंदा अख्खी मिरवणूक मुद्दाम आउट ऑफ फोकस काढायचं मनात आहे. क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा आहे आणि ५० एमएम, एफ १.८ लेन्स. गणपतीत किर्लोस्कर रोडवर तसे काही फोटो काढले, खरं बघणारा प्रत्येकजण म्हणतो, "हात हललाय वाटतं." मुद्दाम केलंय हे फोटोतूनच कळायला काय करावं?

शहापूरकर:
हात हलला की दिव्याची रेघ होते, फोकस सुटला की गोल चकती होते. फोटोत रेघ दिसली की माणूस "हललाय" म्हणणारच. तेव्हा शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊ नका, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) चढला तर चढू दे.

लेन्सवरचं बटण एमएफवर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर घ्या, नाहीतर कॅमेरा स्वतःच फोकस शोधत बसतो. फोकसची रिंग अगदी जवळच्या टोकाला नेली तर एफ १.८ ला लांबच्या दिव्याची चकती फोटोच्या रुंदीच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढी होते. तिथं रथ उरतच नाही, नुसते रंग. रथ सात-आठ मीटरवर असेल तर फोकस दोन मीटरच्या आसपास ठेवून बघा. घोड्याची मान, जिरेटोप, भगवा ध्वज ओळखू येतात, चेहऱ्यावरचे डोळे मात्र विरघळतात. मला विचाराल तर मिरवणुकीचं खरं रूप तिथंच सापडतं.

आणि रंगांचं सांगतो. फोकसमधला पिवळा बल्ब फोटोत पांढराफटक येतो. धूसर केला की तोच उजेड चकतीभर पसरतो आणि त्याचा पिवळा दिसायला लागतो. एकदा हे बघितलं की माळांचे दिवे फोकसमध्ये काढावेसेच वाटत नाहीत.

कडेच्या चकत्या लिंबासारख्या लांबट येतील, कारण लेन्सची नळी तिरका उजेड अडवते. लेन्सचं भोक थोडं बारीक करून एफ २.८ केलं की बऱ्याच गोल होतात.

खानापूरकर:
फोनवर जमेल काय हे?

शहापूरकर:
प्रो मोडमध्ये मॅन्युअल फोकस असेल तर जमतं, खरं चकत्या बारीकच. फोनच्या लेन्सचं भोक तीन-चार मिलिमीटरचं, ५० एमएमचं एफ १.८ ला जवळजवळ २८. पोर्ट्रेट मोडच्या नादी लागू नका, तो धूसरपणा सॉफ्टवेअरचा असतो.

निपाणीकर:
कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या छायाचित्रकार बाईंचे फोटो बघा. १८६३ अखेर त्यांच्या हाती कॅमेरा आला. फोकस लावताना चित्र डोळ्याला सुंदर वाटलं की त्या तिथंच थांबायच्या. टीका भरपूर झाली, तरी बाईंनी पद्धत सोडली नाही. एवढं मात्र म्हणेन, मालिकेत एखादा फोटो तरी चक्क फोकसमध्ये ठेवा, बघणाऱ्याला धरायला काहीतरी लागतं.

टिळकवाडी:
निपाणीकर, तो एक फोटो नको वाटतो. तो असला की लोक बाकीचे त्याच्याशी ताडून बघतील. शहापूरकर, उभा कुठं राहू?

शहापूरकर:
बरोबर बोललात, एकही नको. गल्लीच्या वळणावर उभे राहा. रथ वळताना घोडा आडवा दिसतो, समोरून नुसता गोळा दिसतो. मागच्या रथाचे दिवे पाठीमागून आले तर कड आणखी उठते. आणि धूसर किती, ते कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ठरवू नका, तिथं सगळंच फोकसमध्ये वाटतं. आदल्या दिवशी मंडपाजवळ रथ सजवत असतात, तिथं वेगवेगळ्या अंतरावर फोकस ठेवून काढा, घरी मोठ्या पडद्यावर बघा आणि पटेल तिथं रिंगवर चिकटपट्टीची खूण करा.