जागा असूनही फाइल कॉपी का होत नाही?

प्रश्न: ६ जीबीची व्हिडिओ फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करताना ‘फाइल फार मोठी आहे’ एवढाच संदेश येतो, ड्राइव्हवर २० जीबी जागा मोकळी असताना ती नेमकी कशापेक्षा मोठी, हे काही उमगत नाही.

उत्तर १: अडचण जागेची नसून फॉरमॅटची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली साठवण्याच्या पद्धतीची (फाइल सिस्टिमची) आहे. ड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीचा असावा, आणि त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. आतल्या फाइली आधी दुसरीकडे हलवून (फॉरमॅट करताना सगळे पुसले जाते) तो एक्सफॅट या मोठ्या फाइली चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करावा.

उत्तर २: त्याआधी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘फाइल सिस्टिम’समोर काय लिहिले आहे, ते पाहून घ्यावे. संदेशातच ही मर्यादा सांगितली असती, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता!

प्रश्नकर्ता: फॅट३२च निघाले. एक्सफॅट केल्यावर फाइल विनातक्रार कॉपी झाली, आभारी आहे.