विषय: शनिवारचा वर्ग, पत्रक ६, प्रश्न ४ – उत्तरात ३ राहिलंय का?

प्रेषक: नववीतल्या मुलीची आई

नमस्कार मंडळी, सोमवारी लेकीची अल्जेब्राची टेस्ट आहे म्हणून घाईने विचारतेय. पत्रक ६ मधला चौथा प्रश्न काल रात्री साडेदहापर्यंत चालला.

(क्ष² − क्ष − ६)/(क्ष² − ४) ÷ (क्ष² − ९)/(क्ष² + क्ष − ६)

तिने अवयव पाडले, दुसरा अपूर्णांक उलटा केला (इथल्या शाळेत ‘कीप-चेंज-फ्लिप’ पाठ करून घेतात), सगळं उडालं आणि उत्तर १ आलं. उत्तरपत्रिकेतही १ आहे. पण पुढे लिहिलंय की क्ष ची किंमत २, −२, −३ चालणार नाही. ती म्हणते ३ पण चालणार नाही. मी म्हटलं, छापलंय ते बरोबरच असेल, तर रडकुंडीला आली. काका, पत्रक तुमचं ना?

प्रेषक: गणित वर्गाचे काका

पत्रक माझंच. चार वर्षं तेच वापरतोय, आजवर कुणाची तक्रार नाही. छेद बघा. क्ष² − ४ मधून २ आणि −२. क्ष² + क्ष − ६ म्हणजे (क्ष + ३)(क्ष − २), त्यातून −३ आणि पुन्हा २. आता ३ घालून बघा: पहिला छेद ५, दुसरा ६. दोन्ही धड आहेत. तिने उलटा केल्यानंतरचे छेद धरले असणार. अटी मूळ उदाहरणावरून लिहायच्या.

आणि कृपा करून पत्रकात कुणी परस्पर बदल करू नका. दिवाळीनंतर तीन वेगवेगळ्या प्रती फिरत होत्या.

प्रेषक: ग्रंथालयवाली ताई

त्या तीन प्रती माझ्यामुळे फिरल्या नाहीत, एवढं नोंदवून ठेवते. कपाटात जी फाइल होती ती मी छापली. फाइल कुणी ठेवली ते मला माहीत नाही. आणखी एक, येत्या शनिवारी मागची खोली लेझीमवाल्यांनी मागितली आहे. वर्ग कुठे बसवायचा ते आजच सांगा.

प्रेषक: लेझीम गट

ताई, खोली आम्ही फेब्रुवारीतच सांगून ठेवली होती. तरी अकरापर्यंत वर्ग घ्या, आम्ही तोवर बाहेर पार्किंगमध्ये पावलं बसवतो. ढोल अकरानंतरच वाजेल.

प्रेषक: पुण्याच्या वहिनी

काका, राग मानू नका, पण मुलगी बरोबर आहे. ३ घातल्यावर छेद धड राहतात हे खरं, पण अंश बघा. ९ − ३ − ६ = ०, म्हणजे पहिला अपूर्णांक ०/५. दुसऱ्यात ९ − ९ = ०, म्हणजे ०/६. आपण शून्याला शून्याने भागतोय. मूळ उदाहरणावरून अटी लिहायच्या हे तुमचं म्हणणं मलाही मान्य, पण मूळ उदाहरणातच भाजक शून्य होतोय, उलटा करायच्या आधी.

मी आठवीला सात वर्षं शिकवलं. फळ्यावर भाजकाभोवती रंगीत खडूने चौकट काढायचे आणि सांगायचे, चौकटीतलं वरचंही शून्य नको, खालचंही नको. गुणाकारात फक्त छेद बघून भागतं, त्यामुळे तीच सवय लागते आणि भागाकारात भाजकाचा अंश निसटतो.

खरं सांगायचं तर मला जास्त काळजी दुसरीच आहे. मागच्या शनिवारी वह्या बघितल्या, दोघांनी अवयव न पाडताच वरचा क्ष² खालच्या क्ष² बरोबर उडवला होता. (क्ष² − क्ष − ६)/(क्ष² − ४) मध्ये क्ष = १ घाला, −६/−३ म्हणजे २ येतात. क्ष² खोडून उरलेल्या (−क्ष − ६)/(−४) मध्ये १ घाला, ७/४ येतात. हे त्यांच्या हाताने करून घ्या, तोंडी सांगून मुलांना पटत नाही. बेरीज-वजाबाकीने जोडलेली पदं खोडायची नसतात. आधी कंस करायचे, मग अख्खा कंस उडवायचा.

प्रेषक: चाळीसगावचे काका

वहिनींचा मेल वाचून राहवलं नाही. भाजकाचे अंश-छेद अदलून गुणायची रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, ११५० सालची. शून्याने भागलेल्या राशीला ते खहर म्हणतात. पण एखाद्या राशीला शून्याने गुणून पुन्हा शून्यानेच भागलं, तर ती तशीच राहते असं त्यांनी धरलंय. त्या हिशेबाने गणित वर्गाच्या काकांचं ३ चालून जाईल! आमच्या चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा. लहानपणी वडिलांनी सायकलवर डबलसीट नेऊन दाखवला होता. मुलांना उन्हाळ्यात देशात नेलंत तर तिथे जरूर न्या.

प्रेषक: पुण्याच्या वहिनी

पाटणला मलाही जायचंय. पण सोमवारच्या पेपरात ३ ची अट लिहिली नाही तर मार्क जातील.

प्रेषक: गणित वर्गाचे काका

वहिनी, कागदावर करून बघितलं. भाजकाचा अंश मी तपासलाच नव्हता. उत्तर १, आणि क्ष ची किंमत २, −२, ३, −३ नको. मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. दुरुस्त प्रत आज रात्री मीच टाकतो. ताई, कपाटातल्या जुन्या सगळ्या काढून टाका. शनिवारी दहा ते अकरा वर्ग घेऊ, आणि वहिनी, पहिला अर्धा तास तुम्ही घ्या. रंगीत खडू इथे मिळणार नाहीत, मार्कर आणतो.

प्रेषक: नववीतल्या मुलीची आई

काका, प्रत टाकायच्या आधी थांबा. शाबासकी ऐकून तिने अख्खं पत्रक तपासायला घेतलंय. सातवा बघा: (क्ष² − १६)/(क्ष + १) ÷ (क्ष + ४). उत्तर (क्ष − ४)/(क्ष + १) बरोबर आहे, पण अटीत फक्त −१ आहे. इथे भाजकाला छेदच दिसत नाही, म्हणून −४ राहिलं. बाकीचे जेवणानंतर बघते म्हणतेय.