पोलिसांसमोर कबूल केलं, काकूंनी ओळखलं, तरी अपिलात सुटले. असं कसं?

रानवारा:
कायद्यातलं काही कळत नाही, म्हणून विचारतोय. २०१६ साली आमच्या चुलत्यांच्या घरात रात्री चोर शिरले. काका आडवे आले, त्यांच्या डोक्यात पहार घातली, ते जागीच गेले. काकूंच्या हातातल्या पाटल्या ओरबाडून नेल्या. तीन आठवड्यांनी दोघं सापडले. ठाण्यात दोघांनीही सगळं कबूल केलं, त्याचा व्हिडिओ गावभर फिरला, मीही पाहिला. एकाने उसाच्या बांधावरून पाटल्या काढून दिल्या. काकूंनी ओळख परेडमध्ये, म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून, दोघांना ओळखलं आणि कोर्टातही बोट दाखवलं. सत्र न्यायालयाने ३०२ (खून) आणि ३९४ (दुखापत करून जबरी चोरी) खाली जन्मठेप दिली. आता हायकोर्टाने दोघांना सोडलं. कबुलीजबाब 'पुराव्यात ग्राह्य नाही' आणि काकूंनी पटवलेली ओळख 'विश्वासार्ह नाही', असं निकालात आहे. काकू म्हणतात, मला खोटारडी ठरवलं. त्यांना काय सांगू? आणि पुढे काही करता येतं का?

चाफेकळी:
वाईट वाटलं वाचून. पण कबूल केलंय, व्हिडिओ आहे, अजून काय पाहिजे यांना? पैसे फिरले असणार, दुसरं काय.

जुना लघुलेखक:
चाफेकळीताई, निकाल वाचल्याशिवाय पैशांवर जाऊ नका.

रानवारा, मी वकील नाही. सत्र न्यायालयात साक्षी उतरवून घेण्यात नोकरी संपली. उत्तर देण्याआधी निकालातून तीन गोष्टी शोधून सांगा. ओळख परेड अटकेनंतर किती दिवसांनी झाली? त्याआधी काकूंना ठाण्यात बोलावलं होतं का? आणि पहिल्या जबाबात चोरांचं वर्णन काय आहे?

रानवारा:
परेड अटकेनंतर ३८ दिवसांनी. पहिल्या जबाबात 'दोन अनोळखी इसम, तोंडाला रुमाल' एवढंच. ठाण्यात बोलावलं होतं. काकूंनी उलटतपासात स्वतःच सांगितलं की अटकेच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना दाखवून विचारलं, 'हेच ना?' त्यात वावगं काय, हे त्यांना अजूनही कळत नाही.

जुना लघुलेखक:
तिथेच खटला गेला. काकूंमुळे नाही, त्या 'हेच ना?'मुळे.

आधी कबुलीजबाबाचं बघू. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ म्हणतं की पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. कलम २६ म्हणतं की पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणाजवळ दिली तरी नाही, दंडाधिकारी समोर हजर असले तरच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हे सगळं कलम २३ मध्ये आहे. कबुली खरी असेलही. पण ती कशी काढली हे कोर्टाला बघता येत नाही, म्हणून कायद्याने ते दारच बंद ठेवलंय. व्हिडिओ काढला म्हणून ते उघडत नाही. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या दरोडा आणि खुनाच्या एका खटल्यात ठाण्यातल्या कबुलीची डीव्हीडी टीव्हीवर दाखवली गेली होती, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. पोलिसांना खरंच कबुली हवी असेल तर आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे न्यायचं. ते त्याला सांगतात की बोलायची सक्ती नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध जाईल. विचार करायला वेळ देतात, मगच लिहून घेतात. तुमच्याकडे तशी कबुली दिसत नाही.

मग पाटल्या कशा चालल्या? कलम २७ मुळे. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या सांगण्यातला वस्तूशी थेट जोडलेला तेवढाच भाग चालतो. प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वात वरच्या कोर्टाचा, १९४७ चा पुलुकुरी कोट्टय्या निकाल आजही दाखवतात. 'घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो' हे चालेल. 'ज्याने मी अमक्याला भोसकलं' हे बाद.

आमच्याकडे निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीचं सांगणं पंचांसमोर लिहून घेतलेला कागद, यायचा तेव्हा गंमत असायची. दीड पान कबुली आणि शेवटी एक ओळ, 'जागा दाखवतो, चला.' चांगले न्यायाधीश त्या शेवटच्या ओळीभोवती कंस करायचे आणि तेवढीच निशाणीला, म्हणजे पुरावा म्हणून, घ्यायचे. काही साहेब सगळाच कागद घ्यायचे. दीड पान एकदा वाचलं की डोक्यातून जात नाही, मग निकालपत्रात 'आरोपीने कबूल केले आहे' असं वाक्य नकळत उतरतं. तुमच्या सत्र न्यायालयाच्या निकालात ते शोधा. सापडलं, तर हायकोर्टाने पहिला घाव तिथेच घातला असणार.

पाटल्यांचं अजून दोन प्रकारे बिघडतं. बांध सगळ्यांना खुला असतो, 'तिथे कुणीही ठेवलं असेल' असा युक्तिवाद होतो. आणि मुद्देमाल ओळखताना तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या पाटल्या मिसळल्या नाहीत, नुसत्या त्याच समोर ठेवल्या, तर त्या ओळखीला वजन राहत नाही. शिवाय चोरीचा माल सापडला म्हणून माणूस खुनीच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी नेमकं हेच सांगून राजस्थानच्या एका खटल्यात खुनाची शिक्षा काढून फक्त चोरीची ठेवली होती.

आता काकू. ओळख परेड हा मुळात स्वतंत्र पुरावा नाही. कोर्टात दिलेली ओळख हा खरा पुरावा, परेड तिला आधार. अनोळखी माणसाला पहिल्यांदाच कोर्टात ओळखलं तर त्याला फार किंमत नसते, कारण पिंजऱ्यात कोण उभं आहे हे सगळ्यांनाच दिसतं. म्हणून परेड लवकर घ्यायची, एका आरोपीमागे निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, ठेवायचे, तेही अंगकाठीने मिळतेजुळते, आणि तोवर साक्षीदाराला चेहरा दिसू द्यायचा नाही. अटकेच्या दुसऱ्या दिवशी काकूंना दोघं दाखवले. ३८ दिवसांनी परेडमध्ये त्यांनी ज्यांना ओळखलं ते घरातले चोर की ठाण्यात बघितलेली माणसं, हे आता त्यांनाही सांगता यायचं नाही. वर तोंडाला रुमाल.

खोटारडी कुणी म्हटलेलं नाही. काकूंनी उलटतपासात खरं सांगितलं, म्हणून तर हे बाहेर आलं. ते दाबून ठेवणाऱ्या साक्षीदार मी भरपूर बघितल्यात.

विधिज्ञ_०७:
लघुलेखक साहेबांशी बहुतेक सहमत. एक भर घालतो. आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं २००३ चं प्रकरण बघा. रात्री दरोडा, पाच खून, वाचलेल्या आईची साक्ष. सहा जणांना शिक्षा झाली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सहाही निर्दोष सोडले आणि राज्याला प्रत्येकी ५ लाख द्यायला लावले. त्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं दाखवली होती. त्यांना कधी आरोपी केलंच नाही. चाफेकळी, ओळखीबाबत कोर्ट इतकं कडक का, त्याचं उत्तर यात आहे.

पुढचं: हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते. राज्य सरकार करू शकतं, मयताचे वारस परवानगी मागून करू शकतात. मुदत निकालापासून ९० दिवस. आधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात लेखी विचारा की शासन जाणार आहे का, आणि पोच घ्या. खरं सांगायचं तर, उलटतपासातलं ते वाक्य रेकॉर्डवर असताना मी फार आशा दाखवणार नाही.

दुसरं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी जा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७अ मध्ये खटला निर्दोष सुटकेत संपला तरी पीडितांच्या पुनर्वसनाची तरतूद आहे, नव्या संहितेत ती ३९६ मध्ये आहे. हे बऱ्याच कुटुंबांना कुणी सांगतच नाही.

चाफेकळी:
म्हणजे पोलिसांनी चूक केली आणि भोगायचं काकूंनी?

जुना लघुलेखक:
हो ताई. यावर माझ्याकडे उत्तर नाही. ज्याने 'हेच ना?' विचारलं त्याला बहुधा वाटलं असेल की आपण बाईंना मदतच करतोय.

रानवारा:
सत्र न्यायालयाचा निकाल काढून बघितला. परिच्छेद २३ मध्ये खरंच आहे, 'आरोपी क्र. १ ने निवेदनात गुन्ह्याची कबुली दिलेली आहे.' काकूंना उलटतपासाचं सांगितलं तर म्हणाल्या, मग काय मी खोटं बोलायला हवं होतं? निकाल लागून सात आठवडे झालेत. सोमवारी सरकारी वकिलांकडे अर्ज देतोय. विधिज्ञ, अर्जाचा मसुदा इथे टाकला तर बघाल का?

विधिज्ञ_०७:
टाका. फक्त काकूंचं आणि आरोपींचं नाव, गुन्हा क्रमांक खोडून टाका.